राबाचा धूर आणि आभाळातली टाकी

खात्यातून निवृत्त झालेली माणसं लिहायला बसली की 'ती घटना आजही आठवते' म्हणून सुरुवात करतात. मला ही घटना विसरायचीच होती, पण नातवंडं विसरू देत नाहीत. कुठे पालापाचोळा पेटलेला दिसला की विचारतात, "आजी, विमान पडलं का गं?" म्हणून एकदाचं कबूल करून टाकते. न पडलेलं विमान मी सरकारी वायरलेसवरून, स्वतःच्या हुद्द्यानिशी, पाडलं होतं.

कारगिलची लढाई चालू होती, तो मे महिना. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेजवळ एका ठाण्यात मी फौजदार होते. वय बत्तीस. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात त्याहून जास्त. घरातून निघताना आरशात बघून टोपी नीट करायची आणि स्वतःलाच सॅल्यूट ठोकायची सवय होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका दुपारी डोंगराजवळच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"म्याडम, विमान लय खालून गेलं. मागनं मोठा आवाज झाला. पुढचं डोंगराआड, दिसलं नाय."

त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं. चांगला साक्षीदार असाच असतो. चांगला अधिकारी त्यावर आणखी दोन प्रश्न विचारतो. मी फोन ठेवून गच्चीवर गेले. डोंगराच्या पायथ्याशी करड्या धुराचा खांब उभा होता. रेडिओवर रोज जवानांच्या बातम्या ऐकत होतो. आत कुणी तरी वैमानिक असेल, त्याची आई कुठे तरी असेल, असं मनात आलं, हे खरं. पण त्याच मनात 'आता आपलं ठाणं गाजणार' अशी गुदगुलीही झाली, हेही खरं. मी संदेश दिला: लष्करी विमान कोसळले, आग लागली आहे, मदत पाठवा.

जीपमध्ये मागे दोन शिपाई, शेजारी हवालदार बसले होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, याच भागातले.

"म्याडम, धूर राबाचा वाटतो."

"हवालदार, देश युद्धात आहे."

हवालदारांनी धुराकडे बोट करून रस्ता दाखवला. देश युद्धात असल्यावर राबाने काय करायचं, हे त्यांनाही सुचलं नसावं.

भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं. मला माहीत होतं. माझा मामा इथल्याच धसईचा. लहानपणी त्याच्या राबाच्या धुरात डोळे चोळत मी कित्येक उन्हाळे काढलेले. पण टोपी चढवली आणि मामा डोक्यातून उतरला.

गावाच्या अलीकडे अरुंद रस्त्यात पाल्याने शिगोशीग भरलेली बैलगाडी आडवी आली. मी खाली उतरून गाडीवानावर ओरडले, "बाजूला घे. विमान पडलंय, दिसत नाही का?" तो बिचारा घाबरून गाडी बांधावर घालायला लागला. चाक रुतलं, तेव्हा माझ्याच दोन शिपायांनी मागून रेटा देऊन त्याला काढलं. ही बैलगाडी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

धुरापाशी चार बाया हातात ओल्या डहाळ्या घेऊन राब राखत उभ्या होत्या. आमची जीप, मागोमाग जवळच्या कारखान्यांच्या वसाहतीतला आगीचा बंब, त्यामागे रुग्णवाहिका. बायांपैकी एक म्हणाली, "का गो बाय, येवढं कोण आजारी हाय?"

संध्याकाळी साहेबांनी फोनवर माझी जी हजेरी घेतली, ती छापण्याजोगी नाही.

पण दुसऱ्या सकाळी वरून संदेश आला आणि मी जरा ताठ बसले. काही तरी पडलं होतं. विमानात बिघाड झाला, म्हणून वैमानिकाने पंखाखालची इंधनाची टाकी सोडून दिली आणि विमान सुखरूप उतरवलं. टाकी आमच्याच हद्दीत होती. ती शोधून आजच ताब्यात घ्यायची. उद्या अकरा वाजता विमानदलाचे दोन अधिकारी न्यायला येणार होते.

पोलीस पाटलाने जागा दाखवली. ऐनाच्या झाडाची फांदी मोडलेली, मातीत लांबट खड्डा, रॉकेलसारखा दर्प. टाकी मात्र गायब. ज्या वेळात मी राबाकडे धावत होते, त्याच वेळात कुणी तरी ती उचलली होती.

मला लगेच शत्रूचे हेर दिसायला लागले. हवालदारांना भंगारवाला दिसला, तेवढा तरी तो जवळचा होता. मुरबाडहून त्याला बोलावून मी तीन तास चौकशी केली. कुठे होतास, कुणाला भेटलास, तेच प्रश्न उलटसुलट. शेवटी तो म्हणाला, "म्याडम, एवढं ॲल्युमिन्यम मला मिळालं असतं तर मी आज तुमच्यासमोर बसलो असतो का?" उत्तर इतकं सरळ होतं की मी त्याला चहा पाजून सोडलं.

गावात विचारलं तर सगळे एका सुरात, "आमाला काय म्हायत नाय." सगळं गाव एकाच शब्दांत उत्तर देतं, तेव्हा त्यांना माहीत असतं. हवालदार म्हणाले, "बौद्धवाडीत उद्या लग्न आहे. तिथे जरा बसू. लग्नघरात माणसं गप्प राहत नाहीत."

नवरीची आई पन्नाशीची, मजुरीने रापलेली, बोलायला खणखणीत. सगळे तिला मावशी म्हणत. पांढऱ्या कापडाचा मांडव बांधून झाला होता. तिने आम्हाला बसवलं, चहा दिला. मी एक घोट घेतला आणि थांबले. चहा उत्तम होता, पण कपाला तोच खड्ड्यातला दर्प होता.

"मावशी, कप कुठल्या पाण्याने धुतला?"

"पाण्याच्याच पाण्यानं. का गो?"

तेवढ्यात मांडवामागून एक माणूस डोकावला आणि मला बघून परत आत गेला. तो कालचा गाडीवान होता, मावशीचा भाऊ. माझ्या डोळ्यांसमोर तो पाला आला, आणि गाडीला मागून रेटा देणारे माझेच शिपाई. हवालदारांकडे पाहिलं तर ते कपात बघत हसू दाबत होते.

मांडवामागे, ओल्या गोणपाटाखाली, ती पसरली होती. लांबलचक, रुपेरी, वरून फाटलेली आणि खालून शाबूत. काठोकाठ पाणी.

मावशी नाकारत बसली नाही. "आभाळातनं पडली, कोणाच्या घरातनं नाय आणली. राखेनं दोनदा घासली, तरी वास जात नाय. टँकर आठवड्यातनं दोनदा येतो. आधी गावात रिकामा होतो, मग उरंल ते आमाला. चार हंडे भरून ठेवलेत, ते पिण्याला. बाकीचं कशात साठवायचं? उद्या दोनशे माणूस जेवणार. तुमी टाकी नेली तर हे पाणी वतावं लागंल. मग पोरीच्या सासरची माणसं हात कशानं धुतील? आयुष्यभर ऐकवतील तिला."

मी हिशोब केला. टाकी न्यायची तर पाणी ओतायला हवं. ठेवायची तर साहेबांचा हुकूम मोडतो, आणि त्या वासाचं पाणी दोनशे माणसांच्या ताटांना लागतं. मुलीची अब्रू एका बाजूला, पंचनामा दुसऱ्या बाजूला.

मग मी पोलीस झाल्यापासूनचा पहिला शहाणा विचार केला. वायरलेसवर पुन्हा संदेश दिला: टाकी सापडली. इंधनाचा अंश शिल्लक. शेजारी चुली पेटणार आहेत. आगीचा बंब उद्या दुपारपर्यंत जागेवर आवश्यक. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पंच बोलावले. टाकी बैलगाडीतून गावाबाहेरच्या पडीक जागेत नेली, रिकामी केली आणि पोलीस बंदोबस्तात ठेवली. या वेळी रेटा मी स्वतः दिला. सकाळी बंब आला आणि मांडवाला पाठ लावून उभा राहिला. त्यावरच्या माणसांना मावशीने काही सांगायच्या आत बाया कळश्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. नवरदेवाकडची माणसं लाल बंब बघून इतकी भारावली, की ही खास व्यवस्था कुणी केली म्हणून विचारत होती.

अकराला दोन अधिकारी आले. त्यातला तरुण तो वैमानिकच होता. टाकीकडे त्याने नीट पाहिलंही नाही. आल्या आल्या विचारलं, "किसी को लगा तो नहीं?" दोन रात्री त्याला झोप नसावी, असं त्याच्या डोळ्यांवरून वाटलं.

मावशीने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच व्हतास वरती?"

त्याने मान डोलावली.

"मग उभा का? बस जेवाया."

तो पंगतीत बसला, बंबाच्या पाण्याने हात धुतले, दोनदा भात घेतला. जाताना अधिकाऱ्यांनी टाकी मिळाल्याचं लिहून दिलं. ती कुठे होती, याबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं, 'ग्रामस्थांनी सांभाळून ठेवलेली.' साहेबांनी विचारलं, "बंब दोनदा?" मी म्हटलं, "पहिल्यांदा चुकून, सर." त्यांनी कागद पुढे ओढून सही केली.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली, मोठे गुन्हेही उघड केले. पण धूर दिसला की आधी तिथल्या माणसाला विचारायचं, आणि वस्तू कुठे लपवली याच्या आधी ती का लपवली हे बघायचं, हे मला त्या गावाने शिकवलं. शिवाय आरशातला सॅल्यूट त्या दिवसापासून बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ठाण्यात फोन वाजला. हवालदार निवृत्तीच्या तयारीत होते, त्यांनी उचलला आणि माझ्याकडे दिला. पलीकडे मावशी होती, पोलीस पाटलाच्या घरून.

"बाय, मी बोलतंय. आज आमी राब भाजतोय. धूर दिसंल. कोण पडलेलं नाय. लिहून घे."