रिकाम्या बैठकीतली सोयरीक

मी आयुष्यात दारूच्या थेंबालाही शिवलेलो नाही. ही गोष्ट आसगावात कोणाला सांगू नये, अशी मला घरून सक्त ताकीद आहे.

आमची मिताली नागपूरहून इंटिरियर डिझाइन शिकून साकोलीला परतली, पण तिला काम देणारं गिऱ्हाईक मिळेना. (इथे लोक घर बांधतात, रंग देतात आणि राहतात. मध्ये डिझायनर कुठे बसवायचा?) तेवढ्यात तिच्या भावाची, अमोलची, सोयरीक आसगावला जुळत आली. पोरगा-पोरगी एकमेकांना इतकी पसंत होती की अमोल मोबाइलकडे पाहून एकटाच हसायचा. आता तिकडची मंडळी आमचं घर पाहायला येणार होती.

"बाबा, बैठकीचं मी करते," मिताली म्हणाली. "एकदम मिनिमल!"

"सोयरीक मोडली तर तुले डी.एड.ले टाकते," तिची आई शालू म्हणाली. "आताच सांगून ठेवते."

मी असल्या थेरांना हसणारा माणूस. पण मिताली म्हणाली, "बाबा, तुमची टेस्ट मुळातच मिनिमल आहे." माझ्याकडे दोनच बरे शर्ट आहेत या गोष्टीला इतकं भारदस्त नाव आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी विरघळलो!

सोफा, कूलर, प्लास्टिकचे हंस आणि माझे सत्काराचे मोमेंटो मिरवणारं शोकेस, सगळं शेजारच्या डोमाजीकडे गेलं. एका भिंतीचं प्लास्टर खरवडून विटा उघड्या केल्या. खाली वीतभर उंचीच्या गाद्या आणि कोपऱ्यात मडक्यात एक वाळकी फांदी. संपली बैठक!

मुलीचे वडील तुळशीरामजी आणि मामा आले. दोघांनी नजरेनं खुर्ची शोधली, मग भिंत धरून हळूहळू खाली गेले. तुळशीरामजींच्या हाताला विटांची लाल भुकटी लागली.

"पावसात पडली का जी भिंत?"

"नाही, मुद्दाम खरवडली."

त्यांनी भुकटी रुमालाला पुसली. शालूनं चहा आणला. मितालीनं निवडलेल्या कपांना कान नव्हते. मामांना चटका बसला.

"कान तुटले वाटते कपाचे?"

"तशीच फॅशन आहे."

"समद्याच कपांचे?"

तुळशीरामजी जवळ सरकले. आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "गुरुजी, वाटणी कवा झाली? भावानं समदं नेलं ना?"

"मला भाऊच नाही!"

(इथे मी थांबायला हवं होतं. पण मी मास्तर. समोर दोन माणसं जमिनीवर बसलेली दिसली की माझा तास सुरू होतो.)

"अहो, हे मीच काढून टाकलं," मी रंगात आलो. "वस्तूंचा मोह सुटला पाहिजे. घरात काही उरलं नाही की डोकं कसं हलकं होतं! जमीन आणि आकाश एक वाटायला लागतं! आता उरलेलंही हळूहळू काढणार आहे."

मामांनी तुळशीरामजींकडे पाहिलं. नेमका त्याच क्षणी डोमाजी दारात उभा राहिला.

"गुरुजी, कूलर माह्याकडेच राहू द्याचा का? अन् घरची म्हणते, शोकेस आमालेच देऊन टाका."

"घे, घे!" मी राजासारखा हात हलवला. शालू माजघरात गेली. तिथून भांडं आपटल्याचा आवाज आला.

निघताना मामा अमोलला फाटकाबाहेर घेऊन गेले. "बाबू, खरं सांग. बाप कवापासून पिऊन राहिला?"

अमोलनं मान खाली घातली!

"अबे, 'बाबा पीत नाही' असं काहून नाही म्हटलंस?" मी नंतर ओरडलो.

"बाबा, मिनिमल समजावून सांगण्यापेक्षा हे सोपं होतं."

तिसऱ्या दिवशी तुळशीरामजींचा फोन आला. "पोरगा पसंत आहे. बापाच्या पिण्यात पोराचा काय दोष? उलट असल्या घरातून नोकरीले लागला!"

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आसगावाहून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सोफा, नवंकोरं शोकेस आणि कान असलेले कप. (आम्ही काहीच मागितलं नव्हतं. त्यांना तर आमच्या न मागण्याचीच काळजी वाटली होती!) तुळशीरामजींनी व्याह्याच्या हक्कानं माझा हात हातात घेतला. "इवाई, आता तरी सोडा ना बाप्पा."

मी पाहिलं. समोर अमोलचे हात जोडलेले. त्याच्यामागे शालूचे डोळे. तिच्यामागे मिताली, म्हणजे मूर्तिमंत डी.एड.

"सोडली," मी म्हणालो.

लग्नात मामांनी माइक घेतला आणि साऱ्या मांडवासमोर शाल, श्रीफळ आणि मोमेंटो देऊन माझा सत्कार केला. एका झटक्यात सोडणारा माणूस त्यांनी म्हणे आजवर पाहिला नव्हता! मीही नाही. माझे सगळे जुने मोमेंटो आता डोमाजीच्या घरी आहेत. आमच्या नव्या शोकेसमध्ये मधोमध एकच आहे, 'व्यसनमुक्तीबद्दल'. आजूबाजूला काहीही ठेवायचं नाही, असं मितालीनं बजावलंय. तिच्या मते त्या एका कप्प्यात आमच्या घराला अखेर मिनिमल जमलं.