पाच जोड समुद्रात

आमच्या घरातल्या पाच माणसांच्या चपला सध्या अरबी समुद्रात आहेत आणि त्या तिथं पोचवण्यात माझा मोठा वाटा आहे.

माझी मुरबाडला भाताची गिरणी आहे आणि घर सिद्धगडाच्या अंगाला एका गावात. लग्नाआधी काही महिने मी मुंबईत एका दुकानात कामाला होतो. तेवढ्या भांडवलावर मी आजतागायत गावाला मुंबई शिकवत आलोय. कुणी मुंबईला निघालं की मला विचारल्याशिवाय जायचं नाही, असा माझाच नियम. (तो कुणी पाळत नाही, ही गोष्ट वेगळी.)

त्यामुळे माझ्या पुतणीचं, सोनलचं, मुंबईला बोलणं ठरलं तेव्हा सगळी सूत्रं मी न विचारता हातात घेतली. मुलगा नितेश, मूळचा शहापूरकडचा. वडील मुंबईत एका उंच इमारतीत लिफ्टवर. पत्ता थेट मलबार हिलचा. खोली मात्र इमारतीच्या मागं, मालकांच्या गाड्यांशेजारी. पोरा-पोरीची पसंती झाली होती. अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. बाई कडक. देवाधर्माला चोख घराणं पाहिजे म्हणून त्यांनी आधीची दोन स्थळं चहा निवायच्या आत परत पाठवली होती. आता त्यांनी आम्हाला नवरात्रात भेटायला बोलावलं. दुपारी, मलबार हिलवरच्या बागेत, म्हातारीच्या बुटापाशी.

निघायच्या आदल्या दिवशी सोनल माझ्याजवळ येऊन बसली. लहानपणी माझ्या गिरणीत कोंड्यात लोळून वाढलेली पोर. म्हणाली, "काका, मला हे स्थळ खरंच पायजे. तू फक्त काय घोळ घालू नको."

"मी कधी घोळ घातलाय गो?"

तिनं बोटं मोजायला घेतली, मग सोडून दिली. तिचा हा गुण मला आवडतो.

भाड्याची गाडी करून आम्ही सहा जण निघालो: आई, दादा, वहिनी, सोनल, माझी बायको मंदा आणि मी. दुपारला वेळ होता, म्हणून मी सगळ्यांना मुंबई दाखवायला काढली. मरीन ड्राइव्ह दाखवला. मत्स्यालय बंद निघालं, तेव्हा बाहेरून दाखवलं. मग बाणगंगेचं तळं दाखवलं आणि तिथल्या मागच्या गल्लीतून समुद्रावर नेलं, कारण आईनं आयुष्यात समुद्राला हात लावला नव्हता.

खाली उतरलो तर समुद्र नाही. नुसते काळे खडक, मधे चिखल, आणि पाणी पार लांब.

"आटला वाटतं," आई म्हणाली.

"आटत नाय गो आई. ही ओहोटी."

"मग परत कधी येतो?"

आता मला खरं तर ठाऊक नव्हतं. पण मुंबईचा विषय आणि मला ठाऊक नाही, असं आमच्या घरात चालत नाही. मी म्हणालो, "भरती चंद्रामुळं येते. आता ऊन हाय. चंद्र कुठं दिसतोय का? नाय ना? मग संध्याकाळपर्यंत बिनधास्त फिरा."

इतकं शास्त्रशुद्ध उत्तर ऐकून सगळे निवांत झाले. आणि मग आमच्या माणसांनी जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. आमच्याकडे शेतात पायताण घालून उतरत नाहीत. बांधावर काढून ठेवायचं, हात जोडायचे, मग चिखलात पाय. त्यात नवरात्र म्हणजे भात लोंब्यांवर आलेलं असतं, तेव्हा तर लक्ष्मीच उभी. आईनं समोरचा चिखल बघितला, पलीकडचं पाणी बघितलं आणि म्हणाली, "पायताणं काढा रे. देव हाय ह्यो."

झालं. एका सपाट खडकावर पाच जोड ओळीनं मांडले गेले. सोनलचे नवे सँडल मधे, बाकीच्यांचे दोन्ही बाजूंना. सगळे जण हात जोडून चिखलात उतरले.

मी नाही उतरलो. मी खास मुंबईसाठी घेतलेले काळे बूट घातले होते. मी वरच्या पायरीवर उभा राहून फोटो काढत होतो. म्हणजे सुरुवातीला माणसांचे काढत होतो. मग मागच्या टॉवरचे काढायला लागलो, मग त्याचे मजले मोजायला लागलो.

खाली दादा चिखल बोटांत घेऊन बघत होता. "काय माती हाय रे. नांगर न घालता लावणी व्हईल." वहिनी आणि मंदा शिंपल्या वेचत होत्या. आई पाण्यापर्यंत पोचली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि तिथंच उभी राहिली. तिच्या तोंडावरचा आनंद मला वरून दिसला. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं.

माझे मजले पुन्हा चुकले आणि मी पहिल्यापासून मोजायला घेतले, तेवढ्यात सोनल ओरडली, "काका, चपला!"

समुद्र समोरून आलाच नव्हता. तो चोरासारखा बाजूच्या घळीतून शिरून खडकाच्या पाठीमागं आला होता. चपला निघाल्या होत्या. दादाच्या आधी गेल्या, कारण त्या वजनाला हलक्या. मग आईच्या. सोनलचे सँडल एकमेकांना धरून गेले. वहिनीची डावी चप्पल दोनदा काठापर्यंत परत आली, पण दोन्ही वेळा तिनं विचार बदलला. आमची माणसं गुडघाभर पाण्यातून वर चढली तेव्हा पाचही जोड रांगेनं क्षितिजाकडे चालले होते.

दादानं आभाळाकडे बघितलं. "चंद्र कुठाय रे?"

मी म्हणालो, "चपला मिळतात की. ही मुंबई हाय."

मुंबई होती, पण चुकीची. त्या भागात दुकानं होती, त्यात चपलाही होत्या. पण त्या काचेच्या पेटीत, दिव्याखाली, एका पेटीत एकच जोड. आतला माणूस आमच्या चिखलाच्या पायांकडे बघून दाराशी येऊन उभा राहिला. दादा काचेला नाक लावून म्हणाला, "ही घालायची नाय रे, बघायची हाय." वेळ होत आली होती. गाडीत बसून आम्ही टेकडी चढलो.

गाडीत दादा म्हणाला, "तूपण बूट काढ. सगळे सारखे दिसू."

"एक तरी माणूस नीट दिसायला नको का?" मी म्हणालो. हे वाक्य मी का बोललो, याचा मी अजून विचार करतोय.

म्हातारीच्या बुटापाशी आम्ही उभे राहिलो. पोरांनी आत चढून खेळायचा दोन मजली बूट. त्याच्यापुढं पाच अनवाणी माणसं आणि बूट घातलेला मी. येणारे-जाणारे आधी बूट बघत, मग आम्हाला बघत.

"येवढा मोठा," आई म्हणाली, "आन एकच? दुसरा कुठं गेला?"

"तिनंबी खडकावर ठेवला असंल," दादा म्हणाला. सोनल कुणाकडेच बघत नव्हती. तिचे डोळे भरले होते. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती.

तेवढ्यात नितेश आणि त्याचे आईवडील आले. बाईंनी नमस्कार केला, आईच्या पायांकडे बघितलं आणि थांबल्या. मग दादाच्या पायांकडे. मग वहिनी, मंदा, सोनल. माझ्या मनात आलं, संपलं, चहासुद्धा नाही.

बाईंनी स्वतःचा पदर जरा सावरला आणि आम्हाला त्यांचे पाय दिसले. त्याही अनवाणी होत्या.

"नऊ दिवस?" त्यांनी आईला विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

आमच्या आईनं खोटं बोलायचं नाही म्हणून डोळे मिटले आणि नुसतं "हं" केलं.

"अख्खं घर?" बाई नितेशच्या वडलांकडे वळल्या. "बघा. मी सांगत व्हते ना, आपल्या गावाकडं अजून धरम हाय. मुंबईला येताना पण पायताण नाय घातलं माणसांनी." त्यांनी सोनलला जवळ घेतलं आणि तिच्या चिखलाच्या पायांवरून मायेनं नजर फिरवली. सोनलनं नितेशकडे बघितलं. (तिनं त्याला पाचच मिनिटांत सगळं खरं सांगितलं. तो बुटाच्या मागं जाऊन हसून आला.)

मग बाईंची नजर माझ्या बुटांवर आली.

"आणि हे?"

"त्याच्या पायाला जरा..." दादा सुरू झाला.

"यांचं काय इचारू नका ताई," मंदा म्हणाली. माझी लग्नाची बायको. "यांना देवाचं काय नाय. आमी सांगून थकलो."

सगळ्यांनी दुःखानं मान हलवली. आईनंसुद्धा. ज्या माणसानं त्यांना अनवाणी केलं, त्याला नास्तिक ठरवून सगळे मोकळे झाले. मी तोंड उघडलं, तर सोनलनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत मिटलं.

"सोयरीक मला पसंत हाय," बाई म्हणाल्या, "पण मुलीच्या घरातला एक माणूस असा राहिलेला मला चालायचा नाय. भाऊ, पुढल्या वर्षीपासून नवरात्रात तुमी पायताण घालायचं नाय. देवीच्या नावानं शब्द द्या. मग मी होय म्हणते."

मी बूट काढले, हात जोडले आणि शब्द दिला. सोनल रडली आणि हसली, दोन्ही एकदम. खरं सांगतो, त्या क्षणी समुद्राला माझेही बूट दिले असते.

लग्न थाटात झालं. सोनल सुखात आहे. दरसाल नवरात्रात दादा नव्या चपला घालून हिंडतो, कारण त्याला कुणी विचारत नाही. त्याच्यावर विश्वास आहे. मी गिरणीच्या आवारात खड्यांवर नाचत असतो. आणि रोज सकाळी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. मी केस विंचरून, हसून मोबाईल तोंडासमोर धरतो, की पलीकडून आवाज येतो, "भाऊ, तोंड नको. खाली घ्या." त्यांच्या शेजारी ओळखीच्या चार बायका बसलेल्या असतात. त्यांनी मला आजवर कधी बघितलेलं नाही, पण माझे पाय त्या गर्दीतही ओळखतील.