धुक्यात घेतलेलं नाव

अण्णांचं कार्ड दुपारी आलं. दोनच ओळी होत्या : ‘तुमच्या वन्सं सोमवारी पहाटे गेल्या. त्रास झाला नाही.’ कार्ड हातात धरून मी बसले, आणि पुण्याच्या त्या उन्हात मला भोरकडचं ओलं, हिरवट धुकं दिसायला लागलं... सहा आठवडे झाले, ते अजून विरलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, काशीताई. अण्णा त्यांचे यजमान, भोरच्या कचेरीत कारकून. दहाएक वर्षांपूर्वी माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली. मी जेवेनाशी झाले, बोलेनाशी झाले. घरात सगळे जपून वागत. पाळणा माळ्यावर गेला, अंगडी-टोपडी कुणाला तरी देऊन टाकली, आणि तिचं नाव तर कुणी चुकूनही घेईना. शेवटी हवापालटासाठी म्हणून यांनी मला सर्व्हिस मोटारीनं वन्संकडे नेऊन सोडलं. कापूरहोळला गाडी वळली आणि डोंगर एकामागून एक उघडत गेले, पण मला ते झोपेत बघितल्यासारखे वाटले.

वन्संनी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वेल्ह्याकडच्या डोंगरावर कारवी फुललीय. सात वर्षांनी फुलते. तू चल, उमा.” बायकांनी नुसती फुलं बघायला डोंगर चढायचा, हे अण्णांना पटलं नाही, तरी त्यांनी छकडा ठरवून दिला. वाटेत ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे मुक्काम केला आणि सकाळी त्याची आई धोंडाबाई आमच्यापुढं चालू लागली. अर्ध्या चढावर धुकं उतरलं. डोक्याएवढी उंच जांभळी फुलं, मधमाश्यांची गुणगुण, आणि त्यापलीकडे जगच नाही... मी एका खडकावर बसले.

“वन्सं, मला आता खाली यायचं नाही.”

धोंडाबाई म्हणाली, “हितं बसून न्हाई चालायचं, बाई. धुकं लई हाय.”

“बसू द्या थोडं,” म्हणत वन्सं माझ्याशेजारी टेकल्या. मग धुक्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “कुसुम...” अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशी, सहज. चार महिन्यांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी रडले, धोंडाबाईनं पदरानं माझं तोंड पुसेपर्यंत रडले.

“लेक व्हय?” तिनं विचारलं. “कुणावर गेली व्हती?”

आणि मी सांगायला लागले. नाक वन्संचं होतं, हसताना डावा डोळा मिटायचा... खाली पोचेपर्यंत सांगतच होते. त्या संध्याकाळी मी नाचणीची अख्खी भाकरी खाल्ली.

पुढं मला दोन मुलगे झाले. पण मुलं किती, असं कुणी विचारलं की माझ्याआधी वन्संच सांगायच्या, “उमाला तिघं.”

परवा भोरला जाऊन आले. डोंगर चढायला वन्संनी मुद्दाम जाड वहाणा शिवून घेतल्या होत्या. घरी कचेरीतली माणसं येतात, म्हणून अण्णा त्या मागच्या दारी ठेवायला लावत. या खेपेला त्या पुढच्या पायरीवर होत्या, तेल लावून मऊ केलेल्या. मी बघत राहिले तसे अण्णा हळूच म्हणाले, “राहू देत तिथंच. बाहेर पडायला तिला सोपं जातं.”