पाठ फिरवून भाव पाडायची युक्ती

सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकते. वायफायचा भाव पाडायच्या नादात मी आमचा बत्तीस वर्षांचा घरचा फोन नंबर स्वतःच्या हाताने बंद केला. रीतसर सही करून, वळणदार अक्षरात.

आणि त्याच नंबरावर रोज दुपारी दिघाशी गावाहून माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन यायचा.

ताईचं डोकं तेव्हा विरत चाललं होतं. सुनेचं नाव आठवेना, जेवल्याचं आठवेना. आमचा नंबर मात्र बोटांत बसलेला. गावात एकच फोन होता आणि ती पायपीट करून तिथे जायची, तेव्हाचं ते पाठांतर. पुढे मुलाने बटणांचा मोबाइल दिला, तर त्यावरही ती तोच नंबर एकेक आकडा दाबून लावायची. सुनेने माझा मोबाइल नंबर एका बटणावर बसवून दिला होता, त्या बटणाला ताईने कधी हात लावला नाही.

"जेवलीस का गो?" पहिला प्रश्न. "बा आला का खाडीवरनं?" दुसरा. आमचं माहेर अंजूरचं, आणि बा जाऊन जमाना झाला. सुरुवातीला मी समजावत असे. मग म्हणू लागले, "येतोय, वाटेत आहे." मग तर फोन स्पीकरवर टाकून मटार सोलू लागले. मध्येच 'हूं' म्हटलं की झालं. एखाद्या दुपारी रिसीव्हर बाजूला काढून चक्क झोपले आहे मी. आमचे हे काही फोन उचलत नसत. पॉवरलूमच्या खडखडाटात नोकरी केलेला माणूस, कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला.

तर वायफायचा भाव पाडायला निघालेली ती बाई म्हणजे सहा वर्षांपूर्वीची मी. बासष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, पण तोरा असा की भिवंडीच्या बाजारात आपल्यासारखी घासाघीस कुणाला येतच नाही. युक्ती एकच. भाव विचारायचा, नाक मुरडायचं, पाठ फिरवून चालू लागायचं. चौथ्या पावलाला मागून हाक यायचीच. "अरे चाची, आओ तो सही! ले जाओ, बोहनी का टाइम है." हाक लांबली तर चप्पल नीट करायच्या निमित्ताने जरा वाकायचं.

वायफायची वर्षाची मुदत संपत आली आणि कंपनीने भाव वाढवला. त्याच आठवड्यात जिन्यात दुसऱ्या कंपनीचा कागद सापडला. वेग दुप्पट, पैसे कमी, वर सिनेमे फुकट. हत्यार मिळाल्यासारखा तो पर्समध्ये घालून मी जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेले. टेबलामागे पन्नाशीचे एक गृहस्थ होते.

"आम्ही तारेच्या फोनपासूनची गिऱ्हाइकं," मी म्हटलं. "भाव उतरवा."

"काकू, रेट वरून ठरतो. माझ्या हातात काही नाही."

मी कागद काढून त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, "प्लॅन चांगला आहे."

आता मला सांगा, असा दुकानदार असतो कुठे? मी भडकले. "मग बंदच करून टाका आमचं!"

त्यांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला. "याच्याबरोबर घरचा नंबरही जाईल, काकू. चालेल ना?"

त्यांनी विचारलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, घाबरवतोय. बाजारात असंच घाबरवतात, शेवटचा पीस आहे म्हणून. "जाऊ दे की," म्हणत मी सही ठोकली आणि पाठ फिरवली. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला हाक आली, "काकू!"

मी अशी सावकाश वळले, ओठांवर हसू दाबत.

"पेन आमचं आहे," ते म्हणाले.

पेन ठेवलं. अर्ज परत मागायला तोंड उघडलं असतं तर जीभ झडली नसती, पण त्या बाईला बाजारात आजवर कुणी असं हरवलं नव्हतं. ती मान ताठ करून जिना उतरली. चार दिवसांत नवी कंपनी घरात आली. जुना फोन मुका झाला, आणि दुपारी पहिल्यांदाच शांतता. ताईची आठवण आली नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, झोप फार छान लागायची. रविवारी जाऊन येऊ, म्हणत दोन रविवार गेले.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर ताईच्या सुनेचा फोन आला. "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" आवाज दबका. "आई रोज फोन लावतात, तिकडून बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही. काल दुपारी त्यांनी फोन ठेवला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. म्हणतात, माझी भन गेली."

मी तशीच ऑफिसात धावले. ते गृहस्थ मला पाहून आधी पेन सरकवून ठेवायला लागले, मग माझा चेहरा पाहून थांबले. त्यांनी खरंच दोन-तीन ठिकाणी फोन लावले. मी म्हणत होते, वाढीव घ्या, दुप्पट घ्या, लागेल ते घ्या. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवत होते. "नंबर परत गेला, काकू," ते म्हणाले. "आता तो आमच्याकडे राहिलाच नाही." आणि मी जिन्याकडे निघाले तेव्हा दारापर्यंत सोबत आले.

दुसऱ्या दिवशी दिघाशीला गेले. ताई ओटीवर बसली होती, केस मोकळे, समोर चहा निवलेला. मी तिच्या गुडघ्याला हात लावून म्हटलं, "ताई, मी आलेय." तिने पाहिलं. ओळखीचं काही हललं नाही. माझं तोंड तिच्या डोक्यातून आधीच पुसलं गेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिची बहीण म्हणजे आता फक्त फोनमधला आवाज होता, आणि तो त्या एकाच नंबरावर राहत होता.

मग मी शहाणपणा केला. अंगणात पेरूच्या आड उभी राहून तिच्या मोबाइलवर फोन लावला. सुनेने तो उचलून तिला दिला.

"ताई, जेवलीस का गो?"

ताई म्हणाली, "ती न्हाय आता. तिच्या नंबरावं कोनीच न्हाय," आणि तिने फोन सुनेच्या हातात दिला.

मी परत येऊन तिच्या शेजारी बसले. पदर तोंडाला लावला तशी तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. भेटायला आलेल्या परक्या बाईच्या पाठीवरून फिरवतात तसा, हळू, अदबीने. आणि म्हणाली,

"रडू नको गो बाय. तुजी कोन लागत व्हती ती?"