तिसऱ्या नंबरवर घुसणारा

हा माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या मागून चार वर्षांनी जन्माला आला आणि त्याला जे काही येतं ते माझ्याकडून शिकला. कानस धरायला मी शिकवलं, कोऱ्या चावीला खाच पाडायला मी शिकवलं. पुढे त्याचा हात माझ्यापेक्षा साफ झाला, पण पाया कोणी घातला? मी सातवीपर्यंत, तो नववीपर्यंत. त्याच्याइतका सरळ माणूस या शहरात दुसरा नाही, एक मी सोडून.

चौकात औषधांच्या दुकानाला लागून त्याची लाकडी पेटी. लोकांना वाटतं चावीवाल्याचा धंदा हातावर चालतो. छे! नावावर चालतो. गिऱ्हाईक घराची चावी टेकवून खुशाल बाजारात जातं. तेवढ्यात एकाच्या दोन चाव्या करणं काही अवघड नाही. चावीवाल्याचं नाव एकदा खराब झालं की त्याने कानस भंगारात द्यावी.

त्याच पेटीपुढे एके दिवशी विद्यापीठातले प्राध्यापक आले, कपाटाची चावी करायला. चावी राहिली बाजूला, हे महाशय धाकट्याचं तोंडच बघत बसले. त्याचा चेहरा जन्मापासून असा, की बघणाऱ्याला वाटावं याच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलंय.

"चेहरा फार उपयोगाचा आहे तुमचा," प्राध्यापक म्हणाले. "आमच्याकडे काम कराल?"

काम काय? ऐका. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पोस्टात, वीजबिलाच्या खिडकीवर नाहीतर दवाखान्यात जायचं. रांगेत तिसऱ्या नंबरवर घुसायचं. "जरा मला इथे उभं राहू द्या," एवढंच बोलायचं, मिनिटभर थांबायचं आणि निघून जायचं. प्राध्यापकांच्या मदतनीस मॅडम कोपऱ्यातल्या बाकावर वही घेऊन बसणार. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, सगळं टिपणार. माणसं अन्याय का सोसतात याचा म्हणे अभ्यास! आणि अट अशी, की पुस्तक छापून येईपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही. धाकट्याने कागदावर सही केली. वर्षभर काम नीट केलं तर शिपायाची कायम नोकरी, असा शब्दही मिळाला.

घरी त्याने सांगितलं ते इतकंच, "विद्यापीठाचं काम आहे." मला तेवढं पुरलं. भाऊ विद्यापीठात लागला हे मी गल्लीभर केलं.

इकडे धाकटा रांगा मोडत होता. पहिल्या दिवशी वीजबिलाच्या रांगेत घुसला. मागच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच एक पाऊल मागे सरकला. "उभा राहा बाबा. कोण आजारी आहे घरी?" धाकट्याला काही बोलायची परवानगी नव्हती. मॅडमनी वहीत लिहिलं, 'विरोध नाही.' दवाखान्यात एका बाईने तर स्वतःचा नंबर देऊ केला. पुन्हा 'विरोध नाही'.

पोस्टात मात्र गाठ पडली ती निवृत्त शाळामास्तरीण बाईंशी. पांढरा अंबाडा, हातात पासबुक. त्यांनी सरळ त्याची बाही धरली.

"काय रे, बाकीचे सगळे इथे हवा खायला उभे आहेत?"

"नाही बाई."

"मग शेपटाला जा!"

नियमाप्रमाणे त्याने निघून जायला हवं होतं. हा गेला शेपटाला! पाऊण तास उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर काम काहीच नाही, म्हणून एक तिकीट घेतलं. मॅडम चिडल्या. "प्रयोग बिघडवलात! तुम्ही खरंच रांगेत उभे का राहिलात?"

"त्या म्हणाल्या म्हणून."

पुढे जो कोणी हटकेल त्याच्यासाठी तो शेपटाला जाऊन उभा राहू लागला. वर्षअखेरीला पेटीत पोस्टाची अकरा तिकिटं जमली. पत्र एकालाही लिहायचं नव्हतं.

शहर ते केवढं! एकाच माणसाने आज पोस्टात, उद्या दवाखान्यात मधे घुसावं आणि कोणी ओळखू नये? ओळखलं. ज्यांनी दया करून जागा दिली होती तेच जास्त भडकले. औषधवाला गिऱ्हाइकांना सांगू लागला, "रडका चेहरा करून घुसतो हो हा. तुमची चावी कशाला देता त्याच्याकडे?" आठवड्याला चाळीस चाव्या करणारा हात चारावर आला. कोणी आलंच तर समोर ठाण मांडून बसायचं, कानशीवरून नजर हलवायचं नाही. शेजारणीने कुलूप बिघडलं तेव्हा दुसऱ्या टोकाचा चावीवाला बोलावला. तेव्हा माझंही डोकं फिरलं.

"अरे, तू रांगा मोडतोस म्हणे? आपल्या घराण्यात कोणी केलं नाही असलं!"

धाकटा खाली बघत म्हणाला, "दादा, मला बोलता येत नाही. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही सांगता येत नाही."

त्या दिवशी मी त्याला नको ते बोललो. आता पुस्तक आलंय, म्हणून हे सगळं लिहितोय.

वर्ष संपलं आणि विद्यापीठात प्राध्यापकांचं भाषण ठरलं. धाकटा मला सोबत घेऊन गेला. पुढे कोटवाले, शेवटच्या ओळीत आम्ही. प्राध्यापकांनी पडद्यावर गेल्या शतकातल्या लढाया दाखवल्या, जळालेली शहरं दाखवली. शेजाऱ्याला दारातून ओढून नेत होते आणि बाकीची गल्ली खिडक्या लावून बसली होती, असं सांगितलं. आणि तेवढ्यात पडद्यावर आलं काय, तर आमच्या पोस्टाची रांग! "शंभरातले नव्वद गप्प बसले," प्राध्यापक म्हणाले. "हाच तो भित्रेपणा. सुरुवात इथूनच होते." एवढ्या लढायांचं खापर फोडलं ते तिकिटाच्या खिडकीवर! टाळ्या काय पडल्या म्हणता! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की भाऊ वर्षभर काय करत होता.

तो उभा राहिला. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेला माझा भाऊ.

"साहेब, ते भित्रे नव्हते. त्यांना वाटलं माझ्या घरी कोणीतरी आजारी आहे. तसं विचारायचे ते. मॅडमनी ते लिहिलं नाही."

पुढच्या ओळी हसल्या. प्राध्यापकही हसले, आपण लहान मुलाला हसतो तसे. "वहीत तसा रकाना नव्हता," म्हणाले. एवढी बुकं वाचलेला माणूस, आणि दयेला रकाना ठेवायचा विसरला!

बाहेर व्हरांड्यात त्यांनी धाकट्याला गाठलं. "नवीन वर्षाचं काम पुढच्या महिन्यात सुरू. सही करा, शिपायाची जागा तुमचीच."

"लोकांना आता खरं सांगू का, साहेब? धंदा बसलाय माझा."

"पुस्तकाला अजून वेळ आहे. सही उद्या सकाळी घेतो. मॅडम येतील तुमच्याकडे."

घरी येताना मी म्हटलं, "कायमची नोकरी आहे. नाव काय, शिपायाचा कोट घातला की परत येतं." मोठा भाऊ आहे, बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात त्याच्या पेटीशेजारी बसलो होतो. पहिलं गिऱ्हाईक आल्या त्या शाळामास्तरीण बाई. त्यांनी दाराची चावी टेकवली. औषधवाला आतून ओरडला, "बाई, समोर बसून करून घ्या हो!"

"कशाला?" बाई म्हणाल्या. "याला मी शेपटाला जा म्हटलं, तर हा गेला. जाऊन उभा राहिला. तुम्ही गेला असतात?"

तेवढ्यात रिक्षा थांबली. मदतनीस मॅडम उतरल्या, बाईंच्या पुढे हात घालून कागद पेटीवर ठेवला. "इथे सही. लवकर करा, घाई आहे."

धाकट्याने कोरी चावी चिमट्यात धरली. "मॅडम, रांग आहे."

मॅडमनी मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. "कुठे आहे रांग?"

"या बाई उभ्या आहेत की."

आणि तो कानस मारू लागला.