ओरडेल त्याचं

त्या दिवशी ऐरोलीत ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं, की खाडीवरचा वाराही गरम लागत होता. आत ऑफिसात मात्र एसी. मी चहाचा ट्रे घेऊन टेबलं फिरतो. किस्से काय, चहावर साय धरावी तसे आपोआप धरतात!

आमच्या मोठ्या मीरा मॅडम. त्यांना विचारलं, "हे क्लाउड क्लाउड काय चाललंय?"

"काका, कंपनीच्या फायली ठेवायची भाड्याची खोली समजा. सामान कुणाचं ते ठाऊक नाही, भाडं चालू. शुक्रवारपर्यंत रिकामं करायचंय."

"मग मालक कसा शोधणार?"

"कुलूप लावायचं आणि गप्प बसायचं. ओरडेल त्याचं. कुणीच नाही ओरडलं, तर डिलीट!"

गावाकडे मोकाट बैल कोंडवाड्यात घालतात, तसंच की!

*

पहिलं कुलूप लागलं आणि नीलेश ओरडला, "माझ्या लग्नाचा व्हिडिओ!"

मॅडम म्हणाल्या, "बायको घरी ठेवलीस ना? मग लग्नपण घरीच ठेव!"

*

एका कप्प्याचं नाव, 'दोन दिवसांसाठी'. कित्येक वर्षं पडून! कुणी केला म्हणून शोधलं, तर मॅडमच निघाल्या. त्या दिवशी चहा त्यांच्याकडून.

*

सतीश कशालाच हात लावू देईना. "असू दे, लागेल!"

म्हटलं, "आमच्या हिनेही श्रीखंडाचे रिकामे डबे असेच ठेवलेत."

"लागतात का?"

"एकदा लागला. झाकण सापडलं नाही!"

*

शुक्रवारी शेवटचा कप्पा राहिला. गेटच्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग. कुणी ओरडलं नव्हतं. मॅडमचा हात बटणाकडे गेला.

त्या गेटवर आमचा शंकर वॉचमन बसायचा. कामोठ्याला माझ्या शेजारीच राहायचा. गेल्या वर्षी गेला. त्याच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे, त्याचा एकच फोटो, तोही आधार कार्डावरचा. हलताफिरता शंकर कुठंच नाही.

मी ट्रे ठेवला आणि ओरडलो, "माझं आहे!"

जन्मात एवढा ओरडलो नव्हतो. मॅडम दचकल्या. कारण ऐकल्यावर मात्र शोधत बसल्या. जेवणाच्या सुट्टीतला एक तुकडा सापडला. वरच्यांना विचारून त्यांनी तो माझ्या मोबाइलवर टाकला.

संध्याकाळी वहिनींना दाखवला. खुर्चीवर शंकर. डबा उघडतो, इकडंतिकडं बघतो, भाजी हळूच कुत्र्यापुढे ओततो आणि कोरडी भाकरी चावत बसतो.

वहिनींनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या,

"भावजी, कारलं हाय ते! आन् घरी येऊन म्हनायचे, झ्याक झालंतं, उद्या पन कर!"