रखमाने सांगितलेलं चित्रपट-परीक्षण

लालबागच्या चाळीत राहणारी रखमा धाडवे गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. यंत्रांच्या गोंगाटात आवाज ऐकूच येत नसे, म्हणून खात्यातल्या बायका ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकींशी बोलत. बारा वर्षांत रखमाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की समोरच्याच्या भुवईवरून ती त्याचं मन सांगायची.

सत्तावन्न साली तिच्या मुलीच्या, मीनाक्षीच्या, शाळेने मुलांना इंग्रजी चित्रपट दाखवला. सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा. गोष्ट एका अद्भुत कादंबरीतली: समुद्रात एकटा राहणारा राक्षस आणि त्याला न घाबरणारी एक कोळीण. मुलांना सांभाळायला रखमा सोबत गेली. इंग्रजीचं अक्षर कळत नसूनही ती शेवटी पदराने डोळे पुसत बाहेर आली.

आठवड्याने मीनाक्षीने गिरगावातल्या एका साप्ताहिकातलं त्याच चित्रपटाचं परीक्षण वाचून दाखवलं. लिहिणारे तात्या कर्वे, निवृत्त मास्तर. ‘कादंबरीतले सुंदर संवाद गाळून राक्षसाला नुसता रडवत ठेवला आहे. पालकांनी पैसे वाया घालवू नयेत.’

“ह्या माणसाने शिनेमा बघितला की डोळे मिटून बसला व्हता?” रखमा म्हणाली.

“आये, ते शिकलेले आहेत.”

“असूदेत. मी जाऊन सांगते त्यांना.”

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ती दोनदा चालली होती. साप्ताहिकाच्या कचेरीची पायरी चढायला ती कशाला घाबरणार? रविवारी मीनाक्षीला घेऊन ती गिरगावात पोचली. तात्या एका सभेचं वृत्त तपासत होते. तुमचं परीक्षण चुकलंय, असं रखमाने त्यांना तोंडावरच सांगितलं.

“बाई, आपण कादंबरी वाचलीत?” त्यांनी विचारलं.

“मला वाचता येत न्हाय. पण राक्षस बोलला न्हाय, म्हणून तर मला समजला. कोळीण परत जाते तेव्हा तो हात वर करतो, आणि अर्ध्यातच खाली घेतो. आता ह्याच्यात बोलायचं काय ऱ्हायलं?”

तात्यांनी चष्मा काढला. तो हात त्यांना आठवेना.

“म्हणजे सगळंच चांगलं म्हणता?”

“छे! ती कोळीण भरलेलं जाळं फुलासारखं उचलते. ओल्या जाळ्याला वजन असतं. आमच्या गावी दर्यावर चार माणसं लागतात. चित्र काढणाऱ्याने कधी जाळं ओढलंच नसेल.”

तात्या खळखळून हसले. “हे मला सुचलं नाही हो! थांबा, लिहून घेतो.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला. पुढच्या अंकात आपली चूक मोकळेपणाने कबूल केली आणि खाली रखमाचं म्हणणं तिच्याच शब्दांत, नावासकट छापलं. दुपारच्या सुट्टीत गिरणीत ते मोठ्याने वाचलं गेलं. शेजारच्या यंत्रावरच्या सुंदराबाईने तर फर्मावलं, “रखमे, आता माझ्या कालवणावरपण लिही!”

“मीठ जास्त असतं,” रखमा म्हणाली, आणि सगळं खातं हसलं.

त्यानंतर मुलांचा कुठलाही चित्रपट लागला की तात्यांचा निरोप चाळीत येई. मायलेकी त्यांच्याबरोबर जात. तात्या कथानक आणि आपलं मत लिहीत, रखमा बोले आणि मीनाक्षी तिचे शब्द उतरवून घेई. दोघांचं एकमत क्वचितच होई. तरीही तात्या दोन्ही मतं शेजारी शेजारी छापत आणि वाचक, असं तात्याच सांगत, आधी रखमाचं वाचत.